कब्स की व्हाइट सॉक्स? शिकागोत नवीन आलेल्यांनी कुठली टीम धरावी

दर एप्रिलला ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, अरे मुलाला बेसबॉलची टोपी हवीय, वर्गात सगळ्यांकडे आहे, कब्सची घेऊ की व्हाइट सॉक्सची? आणि मग मी अर्धा तास बोलत बसतो आणि समोरच्याच्या डोक्यात शेवटी काहीच राहत नाही. म्हणून यंदा लिहूनच काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे शिकागोत जन्मलेला माणूस टीम निवडत नाही. नॉर्थ साइडला वाढला तर कब्स, साउथ साइडला वाढला तर सॉक्स, आजोबांची जी टीम तीच नातवाची. आपल्याकडे गणपतीत आपल्या आळीचं मंडळ तेच आपलं, पलीकडच्या आळीची मूर्ती कितीही देखणी असू दे, तसंच आहे हे. आपण नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गला राहणारे लोक, आपली इथे आळीच नाही, त्यामुळे आपल्याला निवडायला मिळतं. तेव्हा कोण जास्त जिंकतं यावर जाऊ नका, १६२ मॅचेसचा सीझन असतो, चांगली टीमसुद्धा त्यात साठ-सत्तर हरते. त्या टीमच्या लोकांचा जीव नेमका कशात अडकलाय ते बघा आणि तुमचा तिथे अडकेल का ते बघा.

कब्सवाल्यांचा जीव मैदानात अडकलाय. कुणालाही विचारा, खेळाडूंच्या आधी रिग्ली फील्डचं नाव घेतील. १९१४ चं मैदान, कब्स तिथे १९१६ पासून खेळतात, आणि ते भर वस्तीत आहे, क्लार्क आणि ॲडिसनच्या कोपऱ्यावर, पलीकडच्या घरांच्या गच्च्यांवर बाकं लावून लोक मॅच बघतात. आउटफील्डला, म्हणजे मैदानाच्या लांबच्या टोकाला, विटांची भिंत आणि तिच्यावर चढलेली आयव्हीची वेल, एप्रिलमधे नुसत्या काड्या दिसतात, जूनपर्यंत भिंत हिरवीगार होते. बॉल त्या वेलीत अडकला की फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोन बेस मिळतात, म्हणजे एका धावेचा अर्धा रस्ता, हा खराखुरा नियम आहे तिथला. स्कोअरबोर्ड १९३७ चा, अजून हाताने चालवतात, आत माणसं बसलेली असतात आणि आकड्यांच्या पाट्या बदलतात. जिंकले की वर पांढरा झेंडा चढतो, त्यावर निळं डब्ल्यू, हरले तर निळा झेंडा आणि पांढरं एल, म्हणजे ट्रेनमधून जाणाऱ्यालासुद्धा कळावं आज काय झालं ते. १९८८ पर्यंत तिथे दिवेच नव्हते! सगळ्या घरच्या मॅचेस उन्हात. ८ ऑगस्ट १९८८ ला पहिल्यांदा दिवे लावून मॅच सुरू केली तर पावसाने धुऊन काढली, मग दुसऱ्या दिवशी पुरी मॅच झाली. आजसुद्धा कित्येक मॅचेस वर्किंग डेला दुपारी १:२० ला असतात आणि लोक ऑफिसला सुट्टी टाकून येतात. पाहुण्या टीमच्या होमरनचा, म्हणजे आपल्या षटकारासारखा मारलेला, बॉल ब्लीचर्समधे, म्हणजे आउटफील्डमागच्या बाकांवर, कुणाच्या हातात पडला तर तो ठेवायचा नाही, परत मैदानात फेकायचा, तुम्ही नवीन असलात तरी शेजारचे लोक ओरडून ओरडून फेकायला लावतात. मला हे फार आवडतं, कारण त्या क्षणी तुम्ही पाहुणे राहत नाही.

सॉक्सच्या मैदानाबद्दल असं कुणी बोलणार नाही. १९१० चं जुनं कॉमिस्की पार्क पाडलं आणि १९९१ ला शेजारीच नवीन बांधलं, तेव्हापासून त्याच्या पाटीवरचं नाव सारखं बदलतंय, सध्या रेट फील्ड, पण साउथ साइडचे लोक सॉक्स पार्कच म्हणतात. दिसायला साधं आहे, मात्र मधे खांब नाहीत. रिग्लीत काही सीट्सच्या पुढ्यात खांब येतो, तिकीट काढताना ते बघून घ्या. सॉक्सकडे वरच्या डेकचा चढ चांगला उभा आहे, आई-वडिलांना नेणार असाल तर खालचीच तिकिटं काढा. होमरन झाला की स्कोअरबोर्डवरची चक्रं फिरतात आणि वर आतषबाजी उडते, आमच्या मुलीला पहिली दोन वर्षं बेसबॉलमधलं फक्त तेवढंच कळत होतं आणि तेवढ्यावर ती खूश होती.

आता गंमत बघा, ही आतषबाजी आणि रिग्लीची ती वेल, दोन्ही एकाच माणसाची. बिल व्हेक. तरुणपणी कब्सकडे कामाला होता तेव्हा १९३७ ला त्याने वेल लावली, पुढे सॉक्सचा मालक झाल्यावर १९६० ला आतषबाजीचा स्कोअरबोर्ड आणला. सातव्या इनिंगला सगळं स्टेडियम उभं राहून गातं ना, आणि रिग्लीत त्यासाठी पाहुणे बोलावतात, ते सुरू केलं हॅरी कॅरे या कॉमेंटेटरने, पण कुठे? सॉक्सकडे, व्हेकच्याच आग्रहाने. १९८२ ला तो कब्सकडे गेला आणि तिथे देशभर गाजला. सॉक्सच्या जुन्या माणसांना हे अजून लागतं. आमचं होतं ते तिकडे गेलं आणि तिकडचं म्हणून ओळखलं गेलं. हे लागणं समजलं की सॉक्सची माणसं कळायला लागतात.

आता वाट बघण्याबद्दल. कब्सने १९०८ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, आता सात मॅचेसपर्यंत चालणारी, जिंकली आणि त्यानंतर थेट २०१६. १०८ वर्षं. मधे १९४५ ला फायनलला गेले तर एका बारमालकाला त्याच्या बोकडासकट मैदानातून बाहेर काढलं आणि त्याने शाप दिला अशी गोष्ट, ती लोक खरंच सांगायचे. माणसं जन्मली, म्हातारी झाली आणि गेली, एकदाही न बघता. २०१६ ला क्लीव्हलँडविरुद्ध ३-१ ने मागे पडलेले, तिथून सातव्या मॅचपर्यंत आले, त्यातही आठव्या इनिंगला हातातली मॅच ६-६ झाली, नऊ इनिंग संपल्यावर पाऊस आला, सतरा मिनिटं खेळ थांबला, तेवढ्यात जेसन हेवर्डने सगळ्या टीमला एका खोलीत गोळा करून धीर दिला, आणि दहाव्या इनिंगला ८-७ ने जिंकले. शेवटच्या आउटला क्रिस ब्रायंट घसरतोय, तरी हसत हसत थ्रो करतोय, आणि रिझोने तो बॉल कॅच करून सरळ मागच्या खिशात टाकला. पण मला त्यातलं सगळ्यात आत गेलेलं दृश्य मॅचमधलं नाहीच. त्या दिवसांत लोक खडू घेऊन रिग्लीच्या बाहेरच्या भिंतीवर आपल्या गेलेल्या आई-बापांची, आजोबांची नावं लिहीत होते. हजारो नावं. मी बायकोला घेऊन बघायला गेलो होतो, रस्त्यावर इतकी गर्दी आणि तरी भिंतीजवळ आवाज नव्हता.

सॉक्सची वाट काही कमी नव्हती हो, १९१७ नंतर थेट २००५, म्हणजे ८८ वर्षं. आणि त्यात १९१९ चा कलंक, पैसे घेऊन वर्ल्ड सिरीज हरल्याचा आरोप, आठ खेळाडू कायमचे बाहेर. २००५ ला मात्र काय खेळले! प्लेऑफमधे, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, ११ जिंकल्या, एकच हरली. एंजल्स टीमविरुद्ध चार पिचर्सनी, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांनी, ओळीने चार मॅचेस एकेकट्याने पूर्ण टाकल्या, हल्लीच्या बेसबॉलमधे एक पूर्ण मॅच टाकणारा दिसला तरी लोक उभं राहून टाळ्या वाजवतात. मग ह्यूस्टनला ४-० ने धुतलं, त्यात कोनर्कोचा ग्रँडस्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर आपली माणसं असताना मारलेला होमरन, आणि त्याच मॅचच्या शेवटी पोडसेडनिकचा होमरन, ज्या गड्याने अख्ख्या रेग्युलर सीझनमधे एकही मारला नव्हता. इतकं सगळं होऊन बाहेरच्या लोकांना शिकागो म्हटलं की आठवतं २०१६ च. सॉक्सवाल्याला २००५ बद्दल विचारून बघा, पुढचा तासभर तुम्हाला बोलायची गरज नाही, आणि शेवटी तो तुमचा मित्र झालेला असतो.

आणि २०२४ पण सांगायलाच हवं, लपवून टीम गळ्यात मारायची नाहीये मला. ४१ जिंकल्या, १२१ हरल्या, १९०० नंतरच्या बेसबॉलमधे इतक्या कुणीच हरलेलं नाही. स्टँडमधून मालकाला टीम विका म्हणून ओरडत होते लोक. तरी घरच्या शेवटच्या तीन मॅचेसना आले आणि त्या तिन्ही टीमने जिंकल्या, तो नकोसा रेकॉर्ड पुढे डेट्रॉइटला झाला. २०२५ ला पुन्हा १०२ हरले. त्याच वर्षी मे महिन्यात नवे पोप निवडले गेले, शिकागोचे, आणि पहिल्यांदा बातमी आली की ते कब्सचे फॅन. मग त्यांच्या भावाने सांगितलं, छे, तो कायमचा सॉक्सचा. २००५ च्या फायनलच्या पहिल्या मॅचचं फुटेज शोधून काढलं तर खरंच स्टँडमधे बसलेले दिसले. आता त्या सेक्शनला त्यांचं चित्र काढलंय आणि लोक तिथे फोटो काढतात. कब्स २०२५ ला प्लेऑफला गेले, सॅन दिएगोला हरवलं, मग मिलवॉकीकडून पाचव्या मॅचला हरले. सध्याच्या खेळावर निवडायचं असेल तर प्रश्नच नाही, कब्स. पीट क्रो-आर्मस्ट्राँग सेंटर फील्डला ज्या पद्धतीने पळतो ते बघायला मी सॉक्सचा असून टीव्ही लावतो.

पैशाचं थोडक्यात. कब्सचं तिकीट महाग, चौघांचं कुटुंब शनिवारी गेलं तर खिसा हलका होतो, सॉक्सकडे त्यापेक्षा कितीतरी कमीत खालच्या चांगल्या सीट्स मिळतात. पोचायला दोन्हीकडे शहरातल्या ट्रेनची तीच रेड लाइन, नेपरव्हिलहून मेट्राने, म्हणजे उपनगरी ट्रेनने, युनियन स्टेशन, तिथून चालत रेड लाइन, उत्तरेला गेलात की ॲडिसन, दक्षिणेला गेलात की सॉक्स-थर्टीफिफ्थ. रिग्लीला गाडी नेऊच नका. सॉक्सकडे पार्किंग भरपूर आहे आणि मॅचच्या आधी लोक तिथे डिकी उघडून, शेगड्या पेटवून जेवतात, आम्ही डिकीवर भेळ कालवतो आणि शेजारच्या गाडीवाल्यांना पण देतो, त्यांच्याकडचं आमच्याकडे येतं. आत गेल्यावर शाकाहारी माणसाने सरळ एलोते घ्यावं, मेक्सिकन पद्धतीचं मक्याचं, लिंबू, तिखट, वर चीज. लिंबू-तिखट लावलेल्या कणसावर वाढलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र बघून ठेवा, सॉक्सचं मैदानाचं लीज २०२९ पर्यंतच आहे आणि पुढे कुठे जायचं यावर चर्चा चालू आहे. रिग्ली कुठे जाणार नाही. नातवाला याच जागी घेऊन येईन असं ज्याच्या मनात आहे त्याने हे वजनात धरावं.

तर माझं मत असं. वर्षातून एकदा-दोनदा जाणार, भारतातून पाहुणे येतात त्यांना घेऊन जायचंय, मुलं लहान आहेत, ऑफिसात गप्पा मारायच्यात, तर कब्स धरा आणि जूनमधे दुपारची मॅच बघा, त्याच्याइतकी सुंदर दुपार या शहरात दुसरी नाही. पण वर्षाला आठ-दहा मॅचेस बघायच्यात, खेळ आतून समजून घ्यायचाय, शेजारच्या माणसाशी ओळख व्हायला हवीय, आणि टीम हरत असताना टिकायची तयारी आहे, तर सॉक्स.

आमच्या घरी हे ठरलं अण्णांमुळे. साताऱ्याहून तीन महिने आले होते, आधी रिग्लीला नेलं. तिथे त्यांना स्कोअरबोर्डच आवडला, आपल्या मैदानावर पत्र्याच्या पाट्या खिळ्याला लावायचे तसंच आहे की रे हे म्हणाले, स्वतः क्लबच्या मॅचेसचा स्कोअर वर्षानुवर्षं लिहिलेला माणूस. मग दोन आठवड्यांनी सॉक्सकडे गेलो, अर्धं स्टेडियम रिकामं, शेजारी एक पंच्याहत्तरीचे आजोबा, मांडीवर स्कोअरकार्ड आणि पेन्सिल. अण्णा वाकून बघायला लागले. त्या आजोबांनी काही न विचारता एक कोरं कार्ड काढून दिलं आणि शिकवायला घेतलं, पिचर म्हणजे एक, कॅचर दोन, शॉर्टस्टॉप सहा, मग सहा-चार-तीन असं लिहिलं की कुणाकडून कुणाकडे बॉल गेला ते कळतं. अण्णांचं इंग्रजी बेताचं, त्यांचं मराठी शून्य, आणि पाचव्या इनिंगला दोघं एका प्लेवरून वाद घालत होते, हा एरर, म्हणजे फील्डरची चूक, की हिट. सॉक्स हरले त्या दिवशी. निघताना आजोबांनी अण्णांच्या कार्डावर तारीख घालून दिली.

कब्सची दुपारची १:२० ची मॅच साताऱ्यात रात्री पावणेबाराच्या पुढे सुरू होते, तेव्हा अण्णा झोपलेले असतात. सॉक्सची संध्याकाळी ६:४० ची मॅच तिकडे पहाटे सुरू होते आणि चहा होईपर्यंत संपते. एप्रिल ते सप्टेंबर मला आठवड्यातून तीन-चारदा तरी फोन येतो, तब्येत वगैरे नंतर, पहिला प्रश्न, काय केलं रे आपल्या लोकांनी.