हॉल वाढवणार आहेत म्हणे. आधी त्या अकरा पायऱ्यांचं बघा!

हॉलचे फोटो आणि दरपत्रक सगळ्यांनी पाहिलेलं आहे, तेव्हा खुर्च्या किती आणि एसी किती टनांचा हे मी सांगत बसत नाही. शहराच्या मध्यवस्तीतला हा लग्नाचा हॉल आमचा बचत गट पापड-लोणच्यांच्या प्रदर्शनाला घेतो. उन्हाळ्यात अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, मग दिवाळीच्या तोंडावर. नाव लिहीत नाही. खान्देशातल्या ज्या बायांनी तिथे स्टॉल लावलाय, त्या शीर्षकातल्या पायऱ्यांवरूनच ओळखतील.

समोरचा दरवाजा झकास आहे. नवरदेवाची गाडी थेट पोर्चमध्ये येते, खाली ग्रॅनाइट, वर झुंबर. पण तिथून माल न्यायचा नाही. मालाला बाजूचा दरवाजा. तिथे अकरा पायऱ्या, रॅम्प नाही, आणि दोन झडपांपैकी एकीची कडी गंजून बसलेली, त्यामुळे ती कायम बंद. म्हणजे नागलीच्या (नाचणीच्या) पापडाची पोती, लोणच्याच्या बरण्या, टेबलं, वजनकाटा, सगळं एका झडपेतून, आडवं करून. हमालाला भाव विचारला तर तो म्हणाला, "ताई, पहिले पायऱ्या दखा, मंग भाव करा." त्याचं काही चुकलं नाही.

उडदाच्या पापडाचं एवढं बिघडत नाही. पण ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पातळ पापड, नुसता नखरा. आम्ही पहाटे उठून घाटा शिजवायचा, गच्चीवर पातळ पसरायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, आणि त्या पायऱ्यांवर हमालाचा पाय जरा अडखळला की पोत्यात निम्मा चुरा. चुरा निम्म्या भावातसुद्धा कोणी घेत नाही. वर हॉलच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी. पापडावर कर शून्य, पापड विकायच्या जागेवर अठरा! आणि माल करमुक्त असल्यामुळे भरलेला कर कशात वळताही होत नाही. हे गटातल्या बायांना समजावताना माझाच घसा सुकतो.

मग डिपॉझिटचं प्रकरण. अखाजीच्या प्रदर्शनानंतर अनामत परत मागायला गेलो तर त्यातून रक्कम कापलेली. कारण काय, तर बाजूच्या दरवाजाजवळची फरशी टेबलं ओढून खराब केली. अहो, उचलून न्यायला झडप उघडत असती तर ओढली कशाला असती? मी आदल्या दिवशीच तिथला फोटो काढून ठेवला होता, त्यात ओरखडे आधीपासूनचे दिसत होते. अर्ज, चकरा, "साहेब जेवायला गेलेत", हे सगळं झालं. शेवटी थोडे पैसे सुटले, सगळे नाहीत. त्या संध्याकाळी मी गटाच्या बैठकीत सांगितलं की यापुढे या हॉलला पाचपैकी एक तारा आणि लांबून नमस्कार.

म्हणून मधलं एक प्रदर्शन हायवेवरच्या लॉनवर भरवलं. काय सांगू, छोटा हत्ती थेट स्टॉलपर्यंत! पायरी नाही, हमाल नाही, एक बिबडा फुटला नाही. पण गिऱ्हाईक कुठाय? चारचाकीवाले आले, मुलांना घेऊन हिंडले, कुल्फी खाल्ली, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचा भाव विचारून फोटो काढून गेले. यावल, चोपड्याकडून एसटीने येणारी बाई तिथवर पोचलीच नाही. स्टँडवरून जायच्या-यायच्या रिक्षाचं भाडं दोन किलो पापडाएवढं. मध्यवस्तीतल्या हॉलला हीच बाई स्टँडवरून चालत येते, सोन्याच्या दुकानात डोकावते, पोराचे कपडे घेते आणि जाता जाता आमच्याकडून वर्षाचं वाळवण भरते. तेव्हा माझे तारे एकावरून तीनवर गेले आहेत. जागेला पाचही दिले असते, पण पायऱ्या आडव्या येतात.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. अखाजीच्या वेळीच एका संध्याकाळी अवकाळी आला, गारांसकट. बाहेर चहावाल्याचं छत उडालं. आत एकही पापड सादळला नाही. बाहेर पंचेचाळीसच्या घरात पारा असताना एसीही चालला. मांडवात हे झालं नसतं.

आता वाढीव बांधकामाचं. वर मजला आणि मागे नवी विंग होणार अशी चर्चा आहे. आमच्या ग्रुपवर कोणीतरी दिल्लीच्या भारत मंडपमचा फोटो टाकून "आपल्याकडेही हवं" असं लिहिलं. भाऊ, तिथल्या वरच्या हॉलमध्ये सात हजार माणसं बसतात. दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या यशोभूमी या प्रदर्शन केंद्राला तर २०२३ मध्ये उद्घाटनाच्याच दिवशी मेट्रो पोचली. आधी लोक यायची सोय, मग खुर्च्या.

दुसरे म्हणतात, मोठा हॉल नसेल तर मोठे कार्यक्रम खान्देशात येणार कसे? १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष होते. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबू आणि तिथल्याच साहित्यातून सगळी उभारणी केली, शेजारी खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेही मांडवात. एकदाच येणाऱ्या गर्दीला मांडव पुरतो. हॉल लागतो तो वर्षभर, लहान-लहान कामांना.

आणि वर्षभर म्हणजे किती, तेही बघा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्ताच्या तारखा मिळत नाहीत, बाकी दिवस मिळतात. चातुर्मासात तर बुकिंगच्या वहीत पानंच्या पानं कोरी. दुप्पट जागा केली तरी मुहूर्त सगळ्यांना एकाच दिवशी लागणार. वाढलेली जागा त्या मोजक्या तारखांना भरेल आणि श्रावणात दुप्पट झाडावी लागेल. लाइटबिल, वॉचमन, गळकं छत, सगळं अंगावर. भाडं कोणावर वाढेल हे सांगायला ज्योतिषी नको.

पण माझा खरा राग वेगळा आहे. नवी विंग जिथे घेणार म्हणतात ते मागचं अंगण. या सगळ्या इमारतीत टेम्पो वळू शकेल अशी तेवढीच एक जागा आहे. आत्ता अकरा पायऱ्या का होईना, टेम्पो पायथ्याशी तरी लागतो. मध्यवस्तीत दिवसा मोठ्या गाड्यांना बंदी, म्हणून सगळी उतराई पहाटे त्याच अंगणात होते. ते बांधून टाकलं तर माल पोर्चमधून नेऊ देणार आहात का? की प्रदर्शनं बंद, फक्त लग्नं?

आमच्या गटाने अर्ज दिलाय. अंगण मोकळं ठेवा. अंगणाच्या बाजूने मोठा दरवाजा फोडा, हातगाडी चढेल असा रॅम्प करा, आणि तीन फेजचं कनेक्शन खाली आणा, म्हणजे चक्कीचं प्रात्यक्षिक लावताच लाइट जाणार नाही. नव्या मजल्यापेक्षा हे नक्कीच स्वस्तात होईल. पोच मिळाली आहे, उत्तर नाही.

दिवाळीच्या तारखा मात्र याच हॉलच्या घेतल्या. ज्या गटांना स्टॉल हवाय त्यांनी बिबडे पत्र्याच्या डब्यात आणा, पोत्यात नको. दरवाजाजवळच्या फरशीचा फोटो माल उतरवायच्या आधी काढा, आणि हमालाचा भाव आदल्या दिवशीच ठरवा. पहाटे तो वाढतो.