यूपीव्हीसी खिडकीची फ्रेम सोडवून पुन्हा बसवली: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

खिडकी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची; सरकती, दोन झडपांची, दीड मीटर रुंद. पहिल्याच पावसात खालच्या ट्रॅकमधून पाणी आत आलं. उजवी झडप मधेच अडकायची, आणि ती उचलून धरल्याशिवाय लॉक लागायचं नाही. बसवणाऱ्याने बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक थर मारला, तर पाणी उलट वाढलं. ट्रॅकमध्ये साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून फ्रेमला खालून खाचा असतात, नेमक्या त्याच त्याने बुजवल्या होत्या. तुमच्याकडे पाणी येत असेल तर आधी या खाचा बघा.

शेवटी झडपा उतरवल्या आणि मोजमाप घेतलं. दोन कर्णांत 9 मिमीचा फरक! पाचरी न घालताच स्क्रू आवळल्यामुळे उभी बाजू मधोमध भिंतीकडे ओढली गेली होती. खालच्या पट्टीला आधार म्हणून नुसता फटीत मारायचा, फुगून घट्ट होणारा फोम. फोम फट भरतो, वजन पेलत नाही.

जुना फोम लांब पात्याने कापून काढला आणि स्क्रू ढिले केले. मग खाली कोपऱ्यांपाशी आणि प्रत्येक स्क्रूजवळ प्लास्टिकच्या पाचरी सरकवत, पाणसळ आणि ओळंबा लावत बसलो. अख्खी दुपार यातच गेली, पण सगळा फरक इथेच पडतो. कर्णांतला फरक 2 मिमीच्या आत आल्यावरच स्क्रू घट्ट केले, तेही पट्टी वाकणार नाही इतपतच. मधल्या एका टप्प्यात दोन स्क्रूंमध्ये जवळजवळ मीटरभर अंतर होतं, तिथे एक वाढवला. हे अंतर 600 मिमीच्या आत हवं.

नवीन फोम थोडा थोडाच भरा. तो फुगताना फ्रेम आत ढकलतो, म्हणून मी मधे आडवी फळी अडकवून ठेवली होती. उघडा राहिलेला फोम उन्हाने पिवळा पडून भुगा होतो. तो आत कापून, फटीत फोमची गोल दोरी दाबून वर न्यूट्रल सिलिकॉन भरलं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सिमेंटच्या गिलाव्याला नीट धरत नाही.

आता उन्हाळ्याचं. हे प्लास्टिक तापलं की चांगलंच वाढतं. दीड मीटरच्या पट्टीत 30 अंशांच्या फरकाने साधारण 3 मिमी. म्हणून भिंत आणि फ्रेममध्ये फट लागतेच, ती सिमेंटने गच्च भरू नये. यंदा भर दुपारीही झडप एका बोटाने सरकली, लॉक एकदाही अडलं नाही.

पावसाळ्यात ट्रॅकमध्ये पाणी आलं आणि खाचांतून निघून गेलं. खाचांत धूळ साचते, दर महिन्याला जुन्या टूथब्रशने साफ करतो. एक दुखणं मात्र उरलंय: बाहेरच्या कट्ट्याचा उतार खिडकीकडे आहे, त्यामुळे वाऱ्यासकट पाऊस आला की डाव्या कोपऱ्याखाली अजून ओल धरते. फ्रेम कितीही सरळ केली तरी ते गवंडीकामच आहे. कट्टा फोडून उतार बाहेर काढून घेणार आहे.