साताऱ्याचा लॉकडाऊन आलेखात मांडायचाय: आकडे गुगलचे की फेसबुकचे?

भाचीचा एमएस्सीचा प्रकल्प आहे. लॉकडाऊनमध्ये सातारा जिल्ह्यातली वर्दळ किती आटली ते तिला चित्रात दाखवायचंय. लोकांच्या फोनवरून काढलेले, फुकटात मिळणारे वर्दळीचे आकडे कुणाचे घ्यावेत, एवढाच तिचा प्रश्न होता.

अ‍ॅपलचे आकडे आधीच बाजूला ठेवा. 13 जानेवारी 2020 हा एकच दिवस 100 धरून, नकाशात रस्ता किती वेळा विचारला गेला तेवढं ते मोजायचे. कोरेगावहून साताऱ्याला येणारा कधी रस्ता विचारतो का?

गुगलचे आकडे जिल्हावार आहेत, 15 ऑक्टोबर 2022 पर्यंतचे. दुकानं-हॉटेलं, किराणा-औषधं, बागा, स्थानकं, कामाची ठिकाणं आणि घर असे 6 रकाने. तुलना 3 जानेवारी ते 6 फेब्रुवारी 2020 या काळाशी, तीही त्याच वाराच्या मध्यकाशी (आकडे चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो). हे मला आवडतं. त्या वर्षी पौष पौर्णिमा 10 जानेवारीला, शुक्रवारी होती. मांढरदेवच्या यात्रेला कितीही गर्दी लोटली असली, तरी 5 शुक्रवारांच्या मध्यकावर एका दिवसाचा भार पडत नाही.

पण हा पाया हिवाळ्यातला. कासला फुलं येतात पावसाळा सरता सरता, म्हणून बागांचा रकाना मी सरळ सोडून देईन. घराचा रकाना तर फसवाच, कारण तो माणसं नाही, वेळ मोजतो. एरवी 14 तास घरी असणारा 25 टक्के जास्त राहिला, तर साडेसतरा तास होतात! दुकानांच्या उणे आकड्यांशेजारी त्याच पट्टीवर ही रेघ काढली, तर फारसं काही घडलंच नाही असं वाटतं. तिला वेगळी पट्टी द्या.

फेसबुकचे आकडे मे 2022 पर्यंतचे, फेब्रुवारी 2020 च्या तुलनेत. त्यात नकाशाच्या साधारण 600 मीटरच्या चौकटी पाडलेल्या आहेत आणि दिवसभर एकाच चौकटीत किती टक्के लोक राहिले ते थेट मिळतं. लोकांना समजवायला याहून सोपं काही नाही. फक्त माण-खटावात वस्तीवर राहणारा शेतकरी दारच्या रानात दिवसभर राबला, तरी इथे तो 'जागचा हलला नाही' असाच दिसणार.

म्हणून माझं मत गुगलकडे, त्यातही 'कामाची ठिकाणं' हा रकाना. फेसबुक जोडीला. आणि मे 2020 चे आकडे जपून वाचा: तेव्हा जावळी-पाटणकडचे मुंबईकर गावी परतत होते. फोनच वाढले, तर कुणी जास्त न फिरताही भेटींची संख्या वाढते.

आता चित्र. रंगीत नकाशा नको. महाबळेश्वर आणि म्हसवड एकाच रंगात रंगवून काय कळणार? अडीच वर्षांसाठी 7 दिवसांच्या सरासरीची रेघ चालेल. पण तीच रेघ 22 मार्चचा जनता कर्फ्यू आणि 25 मार्चला, पाडव्याच्या दिवशी, सुरू झालेली टाळेबंदी एकाच उतारात मिसळून टाकते. मार्च ते जून 2020 साठी कॅलेंडरसारख्या चौकटी करा: आडव्या ओळीत वार, उभ्यात आठवडे, रंग जितका गडद तितकी घट मोठी. रविवारची ओळ फिकी दिसली तर दचकू नका, रविवारची तुलना रविवारशीच आहे.

काही तारखांना आकडाच नसेल, कारण फोन फार कमी असले तर गुगल तो देत नाही. ती चौकट पांढरी सोडा. तिथे शून्य भरलंत, तर त्याचा अर्थ होईल 'नेहमीइतकीच वर्दळ'.