पाउचवर छपाई: रोटो, फ्लेक्सो की डिजिटल?

संत्रा बर्फी, सावजी मसाला, चिवडा असा माल नागपुरात नव्याने पॅक करून विकायला काढणाऱ्यांनी पहिल्याच ऑर्डरला रोटोचे, म्हणजे रोटोग्रॅव्ह्युर छपाईचे, सिलेंडर बनवून घेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दर्जाचं म्हणाल तर रोटोग्रॅव्ह्युरला तोड नाही. दर रंगाला एक सिलेंडर. त्यावरच्या तांब्याच्या थरात बारीक खळगे कोरतात, वरून क्रोम चढवतात. खळग्यांत शाई भरते, जादाची डॉक्टर ब्लेड नावाची पातळ पट्टी पुसून काढते. बर्फीच्या फोटोतला केशरीपासून पिवळ्यापर्यंतचा उतार यात सुरेख उमटतो आणि लाखो पाउच छापले तरी रंग टिकून राहतो. पण सहा रंग म्हणजे सहा सिलेंडर, त्यांचे पैसे आधी मोजायचे. वर किमान ऑर्डर किलोंमध्ये. उरलेले छापील फिल्मचे रोल मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवायची वेळ आली तर नुकसान ठरलेलंच.

खरी अडचण पाउचवरच्या मजकुराची. नव्या धंद्यात वजन बदलतं, पत्ता बदलतो. रजिस्ट्रेशनवरून परवान्यावर गेलात की एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबरही बदलतो. मग छापून पडलेले रोल भंगारात.

डिजिटलला सिलेंडर नाही, प्लेट नाही. फाइल थेट मशीनवर जाते. चार चवींचे थोडे थोडे पाउच एकाच खेपेत निघतात. पाउचमागे दर मात्र चढा, आणि संख्या वाढवली तरी तो फारसा उतरत नाही. तरीही बाजार चाचपताना हा जास्तीचा पैसा मला रास्त वाटतो.

फ्लेक्सो म्हणजे उठावाच्या लवचिक प्लेटांनी छपाई. तिच्या पॉलिमर प्लेटा सिलेंडरपेक्षा बऱ्याच स्वस्त. दोन-तीन रंगांच्या साध्या पॉली बॅगला उत्तम. नमुना भिंगाखाली धरा: फ्लेक्सोत अक्षराभोवती गडद कड दिसते, रोटोत कड करवतीसारखी दातेरी. फोटो मोठा हवा असेल तर मी फ्लेक्सोकडे वळणार नाही.

खप स्थिरावला की खुशाल रोटोवर जा. तेव्हा डिझायनरला बजावून सांगा: सगळा बारीक मजकूर फिकट जागेवर, फक्त काळ्या रंगात. पुढे बदल झाला तर एकच सिलेंडर नवा करावा लागेल. रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरं कोरलीत, तर त्या पट्टीचे सगळेच सिलेंडर बदलावे लागतात. बॅच, तारीख आणि एमआरपीची जागा कोरी सोडा, ते इंकजेटने मारता येतं. आणि शाई आयएस 15495 (अन्नाच्या पॅकिंगवरील शाईचं भारतीय मानक) प्रमाणे असल्याचं छपाईवाल्याकडून लेखी घ्या.