बाबांच्या खोलीतले स्पीकर: वार्फडेल डायमंड १२.१, आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांना अर्धांगवायू होऊन चार वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं बऱ्यापैकी परत आलं. गावच्या भजन मंडळात तीस वर्षं खंजिरी वाजवलेला माणूस आता दिवसरात्र बाजेवर असतो. टीव्ही त्यांना नको वाटतो, सोबत हवी असते ती गाण्याची. त्यामुळे या स्पीकरबद्दल लिहिताना माझी कसोटी एकच आहे. चार-पाच तास सलग वाजले तर ऐकणाऱ्याचं डोकं दुखतं का?

आधी घरात ब्लूटूथचा पार्टी स्पीकर होता. समोर रंगीत दिवे, खोक्यावर पीएमपीओचा, म्हणजे फुगवून सांगितलेल्या ताकदीचा, चार आकडी वॅट. वरातीपुढे नाचायला तो चांगलाच होता. पण अर्ध्या तासात बाबा म्हणायचे, "कमी कर बाप्पा थे, डोक्सं ठणकते." कमी केलं की शब्द कळत नसत, म्हणून पुन्हा वाढवायचा, की पुन्हा डोकं. मला वाटायचं हा आजारपणाचा त्रास आहे. मग एका रविवारी मी स्वतः त्यांच्या उशाशी दोन तास बसलो, आणि उठलो तेव्हा माझ्याही कपाळाच्या शिरा ताणल्या होत्या.

कारण नंतर वाचून समजलं. असल्या स्पीकरमध्ये ढुमढुम आणि छनछन दोन्ही फुगवलेले असतात आणि मधला भाग, जिथे माणसाचा गळा असतो, तो दबलेला असतो. शब्द ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर ती छनछनही वाढते. आपला कान साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. त्या पट्ट्यात किंवा त्याच्या वर आवाज कर्कश झाला की पहिल्या पाच मिनिटांत तो 'क्लिअर' वाटतो आणि तासाभरानं टोचायला लागतो.

दुकानातली पहिली पाच मिनिटं म्हणूनच फसवी. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, करून वेचणी सुरू झाली, पहिल्या वेच्याचा कापूस विकला आणि मी पांढरकवड्याहून एसटीनं नागपूर गाठलं. सीताबर्डीत आणि आणखी एका ठिकाणी मिळून चार जोड्या ऐकल्या. विकणारा प्रत्येक वेळी मोठ्या आवाजात ठेका असलेलं काहीतरी लावायचा. मी पेनड्राइव्हवर आमचंच सामान नेलं होतं: टाळ-खंजिरीचं भजन, पुरुष गळ्यातला विलंबित ख्याल आणि आकाशवाणीवरून टिपलेलं एक साधं बोलणं. टाळ आणि खंजिरीच्या चकत्या ही स्पीकरची खरी परीक्षा. धातूवर धातू आपटतो तो आवाज खूप वरच्या पट्टीत जातो. वाईट स्पीकरवर तो फुटक्या काचेसारखा येतो, बऱ्या स्पीकरवर पितळेसारखा.

एक जोडी मला पहिल्यांदा फार आवडली. तिच्या ट्वीटरचा, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या भागाचा, घुमट धातूचा होता आणि प्रत्येक टाळ वेगळा मोजता येत होता. मी दुकानदाराला विनंती केली, भाऊ, मला पाऊण तास बसू द्या, आवाज बोलण्याइतकाच ठेवा. त्यानं बसू दिलं, हे त्याचे उपकार. पंचविसाव्या मिनिटाला मी नकळत खुर्ची मागे सरकवली होती. वार्फडेलसमोर तसं झालं नाही. उलट डोळे मिटले. आणखी एक काळजी घेतली. दोन जोड्या ताडून पाहताना मोबाइलमधल्या डेसिबलच्या अॅपवर दोघींचा आवाज सारखा करून घेतला. जी जोडी जराशी मोठ्यानं वाजते तीच कानाला सरस वाटते, आणि त्या नादात माणूस चुकीची घेऊन घरी येतो.

मी घेतली ती दुकानात ऐकवायला लावलेली जोडी होती, त्यामुळे अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) धरून पंचवीस हजारांत बसली. वार्फडेल मूळची इंग्लंडातल्या यॉर्कशायरची, १९३२ साली गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी काढलेली, वार्फ नदीच्या खोऱ्यावरून नाव घेतलेली कंपनी. डायमंड १२.१ मध्ये खालचे आणि मधले सूर काढणारा पाच इंची वूफर आहे, त्याचा कोन पॉलिप्रॉपिलीनमध्ये अभ्रक मिसळून केलेला. ट्वीटर कापडी घुमटाचा, २५ मिलिमीटरचा. माझ्या अनुभवात हा कापडी घुमटच टाळांची धार बोथट न करता तिचं टोचणं काढून टाकतो. वूफरची कडा रबरी आहे, हे मी बोटानं दाबून पाहिलं. कडा फोमची असली की काही वर्षांत ती भुगा होऊन झडते, आणि आपल्याकडच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तिचं आयुष्य मोठं नसतं. जुने स्पीकर घेणार असाल तर आधी हेच बघा.

घरी आणून पहिल्या संध्याकाळी मंडळाची जुनी कॅसेट लावली, ती मी मोबाइलवर उतरवून ठेवली होती. सरसर आवाज आहे, मध्येच कुणी खोकतं, कुत्रं भुंकतं. पार्टी स्पीकरवर ती नुसती टिनाच्या डब्यातली गडबड होती. या स्पीकरवर बाबा दहा मिनिटं काही बोलले नाहीत. मग डावा हात उचलून म्हणाले, "हे दुसरी खंजिरी माही होये. पयली तुह्या मामाची." डावीकडची आणि उजवीकडची त्यांनी वेगळी काढली होती. मामाला जाऊन अकरा वर्षं झाली. त्या दिवशी आईनं जेवायला तीनदा हाक मारली तरी आम्ही दोघं उठलो नाही.

आता खोलीबद्दल लिहितो, कारण आठ महिन्यांत सगळ्यात जास्त मी तिथेच शिकलो. आमची खोली बारा बाय सोळा फुटांची, खाली शहाबादी फरशी, चुना लावलेल्या भिंती, वर टिनपत्रे. आवाजाला आपटायला यापेक्षा टणक जागा मिळणार नाही. पण नोव्हेंबरात स्पीकर आले तेव्हा पलीकडच्या भिंतीशी दहा-बारा क्विंटल कापूस छातीएवढा रचलेला होता. आवाज इतका मऊ आणि नेटका होता की मी सगळं श्रेय स्पीकरला देऊन टाकलं. फेब्रुवारीत कापूस गाडीत भरून गेला. त्याच रात्री बाबा म्हणाले, "आज काहून खणखण वाजून राह्यलं?" स्पीकर तेच, गाणं तेच, आवाजाचं बटणही त्याच खुणेवर. टाळी वाजवून पाहिली तर खोलीत 'टर्र' असा पडसाद उठला.

कापसाची गंजी म्हणजे आवाज पिणारी भिंत होती. कापसाच्या तंतूंमधल्या हवेत मधले आणि वरचे सूर घासून मुरतात, परत येत नाहीत. ती गेल्यावर प्रत्येक टाळ एकदा स्पीकरमधून आणि मग चार भिंतींवरून कानावर यायला लागला. कापूस घरात ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. अंगाला खाज सुटते, वायरची एक ठिणगी घर घेऊन जाते, आणि आमचे स्पीकर व वायरी तेव्हाही गंजीपासून लांबच्या भिंतीला होत्या. पण उपाय मात्र कापसाचाच सापडला. दोन जुन्या गाद्या पिंजून घेतल्या, खोळी बदलल्या आणि बाबांच्या पाठीमागच्या भिंतीवर उभ्या टांगल्या, भिंतीपासून चार बोटं सोडून. बाजूच्या भिंतीवर आईची वाकळ. जमिनीवर सतरंजी. गाद्या पिंजायचे आणि खोळीच्या कापडाचे मिळून जेवढे लागले तेवढ्यात स्पीकरची एक पायरी वरची घेतल्यासारखा फरक पडला. आईला भिंतीवर गादी बघून आधी लाज वाटायची. आता पाहुण्यांना तीच सांगते.

उंचीचाही घोळ होता. बाजारात मिळणारे स्टँड सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी असतात. बाजेवर उशीला टेकलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सत्तर सेंटिमीटरवर येतो. ट्वीटर त्याच पातळीला यावा म्हणून गावच्या सुताराकडून दीड फुटाची सागवानी घोडी करून घेतली, खाली फरशीचा तुकडा, स्पीकरखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे. स्पीकर थेट बाबांच्या तोंडावर न रोखता जरा बाहेरच्या बाजूला वळवले. ट्वीटरचा सगळ्यात बारीक आवाज सरळ रेषेत जास्त असतो, कडेला गेलं की कमी. तेवढ्या वळणानं उरलीसुरली धार गेली. फुकटचा उपाय आहे, पैसे खर्चण्याआधी करून पाहा. खालच्या सुरांसाठी खोक्याला ठेवलेलं हवेचं भोक मागच्या बाजूला आहे, म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. आधी भिंतीला चिकटवले होते तेव्हा तबल्याचा डग्गा नुसता घुमायचा.

लाईन हा आमचा कायमचा विषय. रात्री मोटरपंप सुरू झाले की दिवे पिवळे पडतात, कधी दोन-दोन तास लाईनच नसते. इन्व्हर्टरवर लावलं तर मागे बारीक 'घुंई' ऐकू यायची आणि शांत गाण्यात तीच डोक्यात बसायची. माझं अँप लहान, कमी वीज खाणाऱ्या क्लास-डी जातीचं, १२ व्होल्टवरही चालणारं. फवारणी पंपाची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी रिकामीच पडून होती. मधे फ्यूज घालून तिच्यावर जोडलं आणि घुंई गेली. १२ व्होल्टवर आठ ओहमच्या प्रत्येक स्पीकरला जेमतेम आठ-नऊ वॅट मिळतात. लोक हसले, नऊ वॅटात काय होणार? पण हे स्पीकर एका वॅटला एका मीटरवर ८८ डेसिबल देतात. बाबांच्या उशाशी मोबाइलवर सरासरी साठ ते पासष्ट दिसते. त्याला वॅटचा लहानसा तुकडा पुरतो, डग्ग्याच्या थापेला फार तर एक वॅट. बॅटरी पूर्ण पिळत नाही, चार-पाच तासांनी चार्जिंगला लावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. आमचे तास त्याहून जास्त भरतात, म्हणून आवाज खाली ठेवण्याबाबत मी कडक आहे.

आवाज खाली ठेवला की खालचे सूर कानाला आणखी कमी ऐकू येतात, हा कानाचा स्वभाव आहे. अँपवरचं बेसचं बटण मी दोन खुणा पुढे ठेवतो. तरीही पाच इंची वूफर तो पाच इंचीच. कंपनीनं खालची हद्द ६५ हर्ट्झ दिली आहे. काळी एक पट्टीत लावलेल्या पुरुष तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे आमच्या ऐकण्याला ती काठावर का होईना पुरते. डीजेची गाणी ऐकणाऱ्याला मात्र पुरणार नाही, आणि माझ्या पुतण्यानं ते पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं.

एप्रिल-मे वाईट गेले. कूलर सुरू झाला की त्याच्या घरघरीवर गाणं चढवावं लागतं आणि मग तेच जुनं दुखणं. कूलर बंद करायचा तर खोलीत भट्टी. शेवटी ऐकण्याची वेळ बदलली. पहाटे साडेचार ते सात. कूलर बंद, खिडक्या उघड्या. उन्हाळाभर तेच चाललं, आणि मला आता ती वेळ सगळ्यात आवडते.

पावसाळ्याच्या तोंडावर उजवा स्पीकर एकाएकी कोरडा वाजायला लागला. उलटा करून टॉर्च मारला तर मागच्या भोकात कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधायला घेतलं होतं. काडीनं हळूच काढलं, आत थोडी माती पडली ती आडवा धरून झटकली. आता दोन्ही भोकांवर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबरानं बसवला आहे. आवाजात मला फरक जाणवला नाही. खेड्यात मागे भोक असलेला स्पीकर घेणाऱ्यानं हे पहिल्याच दिवशी करावं. ढग गडगडले की पिन काढायची, हेही त्यातच आलं.

पैसे कमी असतील तर आणखी एक जोडी सांगतो: माझ्या साळ्याकडे एडिफायर कंपनीचे आर १२८० टी स्पीकर आहेत. अँप आतच असतं, ४२ वॅट, चार इंची वूफर, भोक समोर आणि बाजूला बेस-ट्रेबलची बटणं. ट्रेबल जरा मागे घेतला की तेही तासन्‌तास ऐकवतात. गळा वार्फडेलइतका भरून येत नाही, पण भिंतीला टेकवून ठेवायचे असतील तर मी तेच सुचवीन. त्यातून वाचलेल्या पैशांत दोन गाद्या पिंजून घ्या.

यंदाही पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं पीक, बरी आहे. बाबांनी कालच विचारलं, या साली कापूस कोणत्या खोलीत टाकायचा. मी म्हटलं, पलीकडच्या. ते म्हणाले, "इथंच थोडा टाक ना बे, एखांदी गठडी. आवाज चांगला येते." गठडी मी ठेवणार नाही. तिसरी गादी पिंजायला दिली आहे.