हॅझार्डच्या स्विचचं काम रिकॉलमध्ये फुकट होतं, तरी माझ्याकडून पैसे घेतले

सेकंड हँड गाडी वापरणाऱ्यांनी हे नक्की वाचा, कारण असं तुमच्या बाबतीतही झालेलं असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. (रिकॉल म्हणजे एखाद्या पार्टमध्ये दोष निघाला की कंपनी त्या गाड्या परत बोलावून काम फुकट करून देते ते.)

रात्री हायवेवर टायर बसला म्हणून गाडी कडेला घेतली आणि लाल त्रिकोणाचं बटण, म्हणजे हॅझार्डचा स्विच, दाबलं, चारही इंडिकेटर दोन-तीनदा लुकलुकले आणि बंद. परत दाबलं तर काहीच नाही. मागून ट्रक येतायत, गाडी अंधारात, मुलगी मागच्या सीटवर झोपलेली. तिला उचलून रेलिंगच्या पलीकडे गेले आणि नवरा स्टेपनी बदलेपर्यंत एका हाताने मोबाइलचा टॉर्च हलवत उभी होते. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला गाडी नेली. तिथला ॲडव्हायझर म्हणाला, मॅडम हॅझार्डचा स्विच गेलाय, पूर्ण बदलावा लागेल, वॉरंटी संपलीये. मी विचारलंसुद्धा की कंपनीचाच काही फॉल्ट नाही ना, तर म्हणे नाही हो, जुनी गाडी आहे, होतं असं. जुना स्विच मागितला तर तो स्क्रॅपमध्ये गेला म्हणाले. बिल भरलं आणि आले.

त्याआधी दोन महिने साधे इंडिकेटरही मधेच बंद पडायचे, बाहेरच्या मेकॅनिककडे बल्ब झाला, रिले झाला, तरी तेच. स्विच बदलल्यानंतर बॅटरी दाखवायला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले तेव्हा त्याने नीट समजावलं की बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझार्डच्या स्विचमधूनच जातो, आतले कॉन्टॅक्ट खराब झाले की दोन्ही जातात. आणि बोलता बोलता बॉनेटच्या आतल्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, ताई, रिकॉलचं काम करून घेतलंय ना तुम्ही, हे बघा स्टिकर. नखाएवढं पांढरं स्टिकर, त्यावर रिकॉलचा नंबर आणि पेनाने लिहिलेली तारीख. तारीख माझ्या बिलाचीच!

घरी येऊन कंपनीच्या साइटवर चॅसिस नंबर टाकला. हॅझार्ड स्विचचा रिकॉल, काम पूर्ण, तारीख तीच. म्हणजे पार्ट कंपनीचा, मजुरी कंपनीने दिलेली, आणि वर माझ्याकडूनही वसूल केले. रिकॉलचं पत्र गेलं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, त्यामुळे मला कळायचा प्रश्नच नव्हता, आणि सर्व्हिस सेंटरला हे पक्कं माहीत होतं. बिल, स्टिकरचा फोटो, स्क्रीनशॉट असं सगळं कंपनीला मेल केलं तेव्हा कुठे पैसे परत आले. सेंटरवाले म्हणतात बिलिंगची चूक झाली. मला नाही पटत, चूक असती तर जुना स्विच का नाही दाखवला?

रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही, दुसऱ्या-तिसऱ्या मालकालाही काम फुकटच करून मिळतं. इस्टिमेटवर सही करायच्या आधी चॅसिस नंबर टाकून बघा. तो १७ अक्षरं-आकड्यांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, म्हणजे गोल दिसेल ते शून्यच. ओळखीच्या कुणाची सेम मॉडेलची गाडी रिकॉलमध्ये नाही म्हणून तुमचीही नसेल असं धरू नका, ते बॅचवर असतं. रिकॉल जाहीर व्हायच्या आधी स्वतःच्या खर्चाने तेच काम केलं असेल तर बऱ्याच कंपन्या बिल बघून पैसे देतात, जुनी बिलं फेकू नका.

आणि साइटवर काम पूर्ण दिसलं तरी आज चावी काढून ते बटण दाबा, हॅझार्डला सप्लाय थेट बॅटरीतून असतो त्यामुळे ते चावीशिवाय चालायलाच हवेत, मिनिटाला ६० ते १२० वेळा. पाच मिनिटं तसेच चालू ठेवा आणि मागे जाऊन उभे राहा. माझे सुरुवातीला दोन-तीनदा लागायचे, म्हणून मी कायम समजत होते की ते चालू आहेत.