गाया अर्काइव्ह: ज्येष्ठा-अनुराधेचं कूळ शोधायला कितपत कामाचं?

युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांची स्थानं, अंतरं आणि गती मोजली; त्या माहितीचं भांडार म्हणजे गाया अर्काइव्ह. ते फुकट आहे, खातं न उघडताही चालतं आणि साध्या लॅपटॉपवर भागतं. इथे प्रश्न एवढाच की, तरुण तारकासंघाची, म्हणजे एकत्र जन्मलेल्या ताऱ्यांच्या विखुरलेल्या समूहाची, रचना आणि जन्मकथा उलगडताना ते कुठवर साथ देतं. कसोटीला वृश्चिक-नरतुरंग संघ घेतला आहे. त्याचा अप्पर स्कॉर्पियस हा भाग सुमारे १४५ पार्सेकवर आहे (एक पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं). अनुराधा नक्षत्राचे तिन्ही तारे त्यातले, ज्येष्ठाही त्यातलीच.

आधी जमेची बाजू. १९९९ मध्ये हिप्पार्कोस उपग्रहाच्या मोजमापांवरून या अख्ख्या संघाचे ५२१ सभासद हाती लागले होते. गायामुळे हा आकडा दहा हजारांपलीकडे गेला. २०२३ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातल्या गटाने याच माहितीतून ३७ उपगट वेगळे काढले आणि सुमारे २०, १५, १० आणि ५ दशलक्ष वर्षांपूर्वी ताऱ्यांच्या जन्माला जोर आल्याचं दाखवलं. पूर्वी जिथे तीन मोठे ठोकळे दिसायचे, तिथे आता वाड्यातल्या खोल्या दिसतात.

माहिती उतरवताना डीआर३ ची, म्हणजे गायाच्या तिसऱ्या माहिती-प्रकाशनाची, मुख्य सारणी घ्या. विषुवांश २४३ अंश, क्रांती उणे २३ अंश हा मध्य आणि त्रिज्या १० अंश. पॅरलॅक्स (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं दिसणारं सरकणं, यावरून अंतर निघतं) ५ ते १० मिलिआर्कसेकंद ठेवा आणि तो त्याच्या त्रुटीच्या किमान दहापट असू द्या. ही अट गाळू नका. मागे आकाशगंगेची दाट गर्दी आहे आणि त्यातल्या अंधुक ताऱ्यांचे खोटे पॅरलॅक्स हमखास घुसतात. पायथनच्या ॲस्ट्रोक्वेरी या लायब्ररीतून मागणी करत असाल तर असिंक्रोनस पर्याय वापरा. साध्या पर्यायात उत्तर २००० ओळींवर कापलं जातं आणि नवखा माणूस तेवढ्यालाच पूर्ण यादी समजतो. नीट २००० ओळी आल्या, की संशय घ्यायचा. पुढची चाळणी, आलेख आणि त्रिमितीय चित्र यांना टॉपकॅट पुरतं. तेही फुकट, फक्त संगणकावर जावा हवं.

निजगतीचा, म्हणजे ताऱ्याच्या आकाशातल्या आडव्या सरकण्याचा, नुसता आलेख काढून गठ्ठा उचलणं ही सर्रास होणारी चूक. अप्पर स्कॉर्पियस जवळ आहे, आकाशात वीसेक अंश पसरलेला आहे; म्हणून एकाच वेगाने जाणारे तारेही दिशा आणि अंतर बदललं की वेगळी निजगती दाखवतात. आधी स्पर्शीय वेग काढा: ४.७४ × निजगती ÷ पॅरलॅक्स. निजगती वर्षाला २६ मिलिआर्कसेकंद आणि पॅरलॅक्स ६.९ असेल, तर उत्तर सेकंदाला जवळपास १८ किलोमीटर येतं. दिशेमुळे पडणारा फरक याने जात नाही, त्यासाठी संघाचा सरासरी अवकाशीय वेग धरून दुरुस्ती करावी लागते.

अंतराची अचूकता मात्र दाद द्यावी अशी. पंधराव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे तेजस्वितेचा आकडा, तो जितका मोठा तितका तारा अंधुक) ठळक ताऱ्याची पॅरलॅक्स-त्रुटी ०.०२ ते ०.०३ मिलिआर्कसेकंद, म्हणजे १४५ पार्सेकवर अर्ध्या पार्सेकच्या आसपास. सतराव्या प्रतीला ती दीड पार्सेक होते, विसाव्या प्रतीला थेट दहा. म्हणून अंधुक तारे घेतले की गोल गट आपल्याकडे रोखलेल्या बोटासारखा लांबट दिसायला लागतो. ती लांबी संघाची नव्हे, मोजमापाची. रचनेसाठी अठराव्या प्रतीच्या आसपास थांबलेलं बरं.

मोजमाप एका ताऱ्याच्या सरळ गतीशी किती जुळतं हे सांगणारा आरयूडब्ल्यूई हा आकडा १.४ च्या खाली ठेवा, असं सगळेच सांगतात. इथे तो सल्ला डोळे झाकून पाळू नये. जोडतारे त्यात गळतातच, पण भोवती धुळीची चकती असलेले एकट्या तरुण ताऱ्यांचेही आकडे फुगतात. म्हणजे चाळणीतून सर्वांत कोवळी पोरंच बाहेर पडतात. अशांना वेगळ्या खुणेने यादीत ठेवा. ऱ्हो ओफियुकी ढगाच्या पोटातले तारे तर दृश्य प्रकाशात दिसतच नाहीत, तिथे टूमास अवरक्त यादी जोडावी लागते. दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या प्रतीपेक्षा ठळक तारे बहुतेक निसटतात. खुद्द ज्येष्ठेसाठी हिप्पार्कोसकडेच जावं लागतं!

वयासाठी निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून तारा जेवढा ठळक दिसेल ती) काढणं सोपं आहे, पॅरलॅक्स ६.९ असेल तर गायाच्या जी प्रतीतून ५.८ वजा करा. मग रंग-प्रत आलेखावर समवय रेषा (एकाच वयाच्या ताऱ्यांच्या अपेक्षित जागा) टाका. न सुटलेला जोडतारा पाऊण प्रतीपर्यंत जास्त ठळक, म्हणून तरुण भासतो. धूळ त्याला लाल करते. अप्पर स्कॉर्पियसचं वय कमी वस्तुमानाच्या ताऱ्यांवरून ५ आणि मोठ्या ताऱ्यांवरून १० ते ११ दशलक्ष वर्षं निघालं, तो वाद अशाच गुंत्यातला. एका आकड्यावर पैज लावू नये.

खरी उणीव जन्मकथेत जाणवते. तारे उलट चालवून पूर्वी कुठे होते हे पाहायला आपल्याकडे येण्या-जाण्याचा, म्हणजे रेडियल वेग लागतो. सेकंदाला १ किलोमीटर म्हणजे दशलक्ष वर्षांत जवळपास १ पार्सेक, हा हिशेब पाठ ठेवा. डीआर३ मध्ये हा वेग सुमारे ३.४ कोटी ताऱ्यांचाच आहे. त्याची सर्वसाधारण त्रुटी वर्णपट उपकरणाने मोजलेल्या बाराव्या प्रतीला सेकंदाला १.३ किलोमीटर, चौदाव्या प्रतीला ६.४. दहा दशलक्ष वर्षं मागे गेलात की दुसऱ्या आकड्याचे साठ-पासष्ट पार्सेक होतात. अप्पर स्कॉर्पियसच्या रुंदीच्या दुपटीहून जास्त! शिवाय बहुसंख्य सभासद लाल बटू, म्हणजे लहान आणि अंधुक तारे; त्यांच्या पुढचा रकाना रिकामाच.

म्हणून रचनेला पाचपैकी पाच, इतिहासाला तीन. रेडियल वेग अपोजी किंवा गाला या जमिनीवरच्या सर्वेक्षणांतून भरून घ्या, एकाच ताऱ्याचे वेग वेगवेगळ्या रात्री बदलत असतील तर तो जोडतारा म्हणून बाजूला काढा. गायाची निरीक्षणं जानेवारी २०२५ मध्ये थांबली. डीआर३ मागे ३४ महिन्यांची मोजमापं होती, डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित असलेल्या डीआर४ मागे ६६ महिन्यांची असतील. रचनेचं काम आजच सुरू करा. उलट प्रवासाचा निष्कर्ष मांडायचा असेल तर डीआर४ येईपर्यंत हात राखून ठेवा.